नुसतं मोजणारं यंत्र

"आधी माझा हात, मग तुझा डोळा."

दुर्बिणीला डोळा लावायला आलेल्या प्रत्येक मुलीला बाई हे वाक्य ऐकवायच्या. मुलगी वाकायच्या आधी त्या भिंगासमोर आपला उजवा तळहात धरायच्या आणि त्यावर काय पडतंय ते बघायच्या. चंद्र लावलेला असला की तळहातावर दुधाच्या थेंबासारखा उजेड पडायचा. शनी किंवा गुरू असला की काहीच दिसायचं नाही. मग बाई हात काढायच्या आणि म्हणायच्या, "हं, बघ." पुढच्या मुलीला पुन्हा तेच. रांगेतल्या मुली कंटाळायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या, बाईंच्या आवाजाची नक्कल करायच्या. बाईंना ते ऐकू जायचं. त्या हात काही हलवायच्या नाहीत.

धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत आम्ही दोघं नोकरीला होतो. त्या विज्ञान शिकवायच्या, मी चित्रकला. प्रयोगशाळा आणि चित्रकलेचा वर्ग यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती, त्यामुळे त्यांचा शिकवण्याचा आवाज मला रोज ऐकू यायचा. उंच, सडपातळ बाई, केसांचा घट्ट अंबाडा, साडीच्या निऱ्या गुडघ्याजवळ कायम कशाने तरी डागाळलेल्या. मूळच्या पिंपळनेरकडच्या एका गावच्या. शाळेत त्या नेटकी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण मन हललं की अहिराणी आपोआप बाहेर यायची. तशी ती फार कमी वेळा यायची.

दुर्बीण शाळेला एका माजी विद्यार्थिनीने भेट दिली होती. चांगली मोठी, माणसाच्या मांडीएवढी जाड नळी. पण तिला मोटार नव्हती. तुम्ही कधी अशा दुर्बिणीतून शनी पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, की पृथ्वी फिरते हे तिथे पुस्तकात वाचावं लागत नाही. कडी असलेला तो पिवळा ठिपका बघता बघता सरकतो आणि भिंगाबाहेर निघून जातो. दोन-तीन मुलींचं बघून होईपर्यंत शनी गायब. मग बाईंनी पुन्हा शोधायचा, पुन्हा हात धरायचा. रांगेच्या शेवटच्या मुली बहुतेक वेळा न बघताच घरी जायच्या.

"शेवटच्या बाकावरच्या मुलींना सगळं शेवटीच मिळतं, आणि मिळतही नाही," बाई एकदा मला म्हणाल्या. "सर, हिला मोटार बसवायची."

शाळेच्या कार्यालयातला जुना संगणक भंगारात निघाला होता. बाईंनी तो मागून घेतला. मी म्हटलं, नवा का नाही मागत? त्यांनी मला त्या डब्याची पाठ दाखवली. तिथे एक रुंद, बारीक छिद्रांच्या दोन रांगा असलेली जागा होती. पूर्वी प्रिंटर तिथे जोडायचे. "हा पोर्ट आता नव्या यंत्रांना नसतो," त्या म्हणाल्या. "याच्यातल्या एकेका तारेला आपण सांगू शकतो, तू चालू हो, तू बंद हो. एकापाठोपाठ एक चालू-बंद केलं की मोटार एक पाऊल पुढे जाते. बस, एवढंच."

मोटारी त्यांनी मेलेल्या प्रिंटरांमधून काढल्या. एक नळीला आडवी फिरवायला, एक वर-खाली करायला. मधलं सर्किट त्यांनी घरी बसून कथिलाने डाखलं आणि आपल्या जेवणाच्या निळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं. डब्याच्या एका कडेला भोक पाडून तारा बाहेर काढल्या. त्या दिवसापासून बाई पोळीभाजी फडक्यात बांधून आणू लागल्या, आणि आमची शिपाई अक्का त्यांना रोज विचारायची, "बाई, आज डब्बामा काय शे?" बाई गंभीरपणे सांगायच्या, "आज ट्रान्झिस्टर."

संध्याकाळी गच्चीवर पहिल्यांदा यंत्र चाललं तेव्हा मी तिथे होतो. संगणक सुरू झाला, मोटारींना एक हिसका बसला, आणि मग कुरकुर करत ती जाड नळी हळूहळू वळली. शनीवर येऊन थांबली आणि त्याच्या मागे मागे, दिसणारही नाही इतक्या सावकाश चालू लागली. रांगेतल्या शेवटच्या मुलीनेही तो पाहिला. मी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या नळीकडे बघत उभ्या होत्या, एखाद्या नव्या गुराकडे बघावं तशा.

"हे आंधळं आहे, सर," त्या म्हणाल्या. "याला शनी दिसत नाही. दुर्बीण कुठे आहे हेसुद्धा दिसत नाही. हे नुसतं मोजतं. इतकी पावलं मी दिली, म्हणजे नळी तिथे असणार, असं धरून चालतं."

सुरुवातीला नळी हाताने पूर्वेच्या पाण्याच्या टाकीकडे लावायची आणि संगणकाला सांगायचं, की ही टाकी. तिथून तो पावलं मोजायचा. आणि आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू करण्यात संध्याकाळ निघून जायची. म्हणून बाईंनी अशी सोय केली, की वीज आली की संगणक आपला आपण सुरू व्हावा आणि दिलेलं काम करायला लागावा; मधल्या वेळात नळी तेवढी हाताने टाकीकडे वळवून ठेवायची. मुख्याध्यापिकांना ती सोय फार आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या अभिमानाने सांगायच्या, "आमची दुर्बीण ऑटोमॅटिक आहे."

पण यंत्र आल्यापासून बाईंचा हात भिंगासमोर आधीपेक्षा जास्त वेळ राहू लागला.

या हाताचं कारण मला पुढे कळलं. एका दुपारी चहा पिताना त्यांनी आपल्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. दोघं लहान असताना सूर्यग्रहण लागलं होतं. घरातल्यांनी दारं लावून घेतली. भाऊ मागच्या दाराने निसटला आणि शेतात उभा राहून उघड्या डोळ्यांनी ते बघत राहिला. संध्याकाळी तो ठणठणीत होता, जेवला, बहिणीला खिजवत म्हणाला, बघ, मला काही झालं नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी उठला," बाई म्हणाल्या, "चुलीपाशी आईसमोर बसला. आणि म्हणाला, माय, तुनं तोंड कोठे गयं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"कडेचं सगळं दिसत होतं त्याला. चूल, भिंत, आईचे हात. मधोमध फक्त काळं. डोळा भाजला तरी दुखत नाही, सर. म्हणून ते कळत नाही."

त्यानंतर मुलींनी त्यांची नक्कल केली की मला हसू येईनासं झालं.

त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे यायचे होते. कार्यक्रम दुपारचा. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून सांगितलं, की पाहुण्यांना ऑटोमॅटिक दुर्बीण दाखवायची. बाई म्हणाल्या, दुपारी आकाशात सूर्य असतो, दुसरं काही नसतं. तेवढ्यात तिथल्या कोणीतरी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, की शुक्र दिवसासुद्धा दुर्बिणीतून दिसतो. ते खरंच होतं. बाईंना ते आधीच ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी शुक्राचं नाव काढलं नव्हतं.

"मॅडम, शुक्राच्या पुढे सूर्य आहे," त्या म्हणाल्या.

"पण तुमचं यंत्र आहे ना? बरोबर शुक्रावरच लावेल."

बाईंनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित ऐकलंही गेलं असतं. पण मला वाटतं, त्यांनाही कुठेतरी मुलींना भर दुपारी शुक्र दाखवायचा होता. निळ्या आभाळात चंद्रकोरीसारखा लहानसा पांढरा शुक्र. तो मी त्या दुपारी पाहिला आणि खरं सांगतो, त्याच्याइतकं देखणं काही मी कागदावर कधी उतरवू शकलो नाही.

गच्चीवर मांडव घातला होता. सूर्य पश्चिमेकडे कलला होता. टाकीपासून निघालेली नळी बरोबर शुक्रावर येऊन थांबली होती. सूर्य त्याच बाजूला, थोडा पुढे. बाईंनी प्रत्येकीच्या आधी तळहात धरून बघितला. तळहात कोरा. मुलीमागून मुलगी बघत होती, आणि पाहुणे यायच्या आतच वीज गेली.

मोटारी थांबल्या. संगणकाचा पडदा काळा झाला. नळी होती तिथेच राहिली. शुक्र अजून भिंगात होता, फक्त आता सरकत होता. बाई नळी हाताने हळूहळू सरकवत राहिल्या. तेवढ्यात पाहुणे वर आले. मुख्याध्यापिकांनी खूण केली, बाईंनी तळहात धरला, बघितला, आणि रांगेतल्या प्रज्ञाला पुढे घेतलं. प्रज्ञा आठवीतली, एसटीतल्या कंडक्टरची मुलगी, कमी बोलणारी. ती वाकली. मुख्याध्यापिकांनी बाईंना पाहुण्यांकडे बोलावलं. बाई चार पावलं दूर गेल्या आणि शुक्राच्या कलांबद्दल सांगू लागल्या.

आणि वीज आली.

पंखे फिरले. मोटारींचा हिसका ऐकू आला आणि मग ती कुरकुर. मला वाटलं, चला, यंत्र सुरू झालं. पाहुणे म्हणाले, "वा, आपोआप चालू झालं." सगळे हसले. कोणीतरी मोबाइल धरून चित्रण करत होतं.

बाई एकट्याच हसल्या नाहीत. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं.

यंत्राला वाटत होतं, की आपण टाकीपाशी आहोत. त्याने टाकीपासून शुक्रापर्यंतची सगळी पावलं पुन्हा पहिल्यापासून टाकायला सुरुवात केली होती. पण नळी टाकीपाशी नव्हती. ती शुक्रापाशी होती आणि पुढे निघाली होती.

प्रज्ञा भिंगाला डोळा लावून तशीच वाकलेली होती. ती आज्ञाधारक मुलगी. कोणी उठ म्हटलेलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "शुक्र गेला." आणि मग जरा थांबून, "आता उजेड येतोय."

एवढ्या उंच, सावकाश चालणाऱ्या बाई अशा धावू शकतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर पोरीने आधी विचार केला असता, मग डोळा काढला असता. त्यांनी दोन्ही हातांनी तिला ढकललं. सगळ्या जोराने. प्रज्ञा कठड्यावर आदळली आणि मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिची हनुवटी फुटली. बाई तिच्याकडे न बघता संगणकाकडे वळल्या, निळ्या डब्यातून तारांचा जुडगा ओढून काढला आणि मगच तिच्याजवळ जाऊन बसल्या.

त्यानंतर सगळे एकदम बोलू लागले.

चित्रणात काय दिसत होतं ते तुम्ही समजू शकता. एक शिक्षिका भाषण सोडून धावते आणि दुर्बिणीत शांतपणे बघणाऱ्या एका लहान मुलीला कठड्यावर ढकलून देते. संध्याकाळपर्यंत ते गावभर मोबाइलवरून फिरलं. यंत्राची कुरकुर त्यात ऐकू येत नव्हती. उजेड तर दिसण्यासारखा नव्हताच.

दवाखान्यात प्रज्ञाच्या हाताला प्लॅस्टर घातलं. बाई पाठोपाठ धुळ्यातल्याच देवपुरात तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. वडील दारातच उभे राहिले.

"पोरगी झोपेल शे," ते म्हणाले. "तुम्ही जा."

"जाते," बाई म्हणाल्या. "भाऊ, फक्त एक करा. सकाळी ती उठली की तिला आईच्या तोंडाकडे बघायला सांगा. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. आईचं नाक, डोळे, सगळं दिसतं का ते विचारा."

त्यांनी बाईंकडे असं बघितलं, जसं वेड लागलेल्या माणसाकडे बघावं. दार लागलं.

ती रात्र बाईंनी कशी काढली ते मला माहीत नाही. उजाडताच मी देवपुरात गेलो तेव्हा त्या आधीच त्या गल्लीच्या तोंडाशी, बंद असलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. आदल्या दिवशीचीच साडी. मी शेजारी बसलो. एकेक घर उठत होतं, नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावत होत्या आणि बाईंकडे बघून आपसात कुजबुजत होत्या. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता.

दार उघडलं. प्रज्ञाची आई बाहेर आली. तिने बाईंना ओळखलं, रागाने दोन पावलं पुढे आली, आणि मग का कोण जाणे, थांबली.

"तिने बघितलं," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. म्हणे, आई, तुझ्या कपाळावरची टिकली वाकडी आहे."

बाईंनी मान हलवली. ओट्यावर हात टेकून त्या उठू लागल्या. आईनेच त्यांना हात दिला.

संस्थेने चौकशी समिती नेमली. समितीसमोर बाईंना विचारलं, असं काय होणार होतं, की मुलीचा हात मोडावा लागला? बाई त्यांना गच्चीवर घेऊन गेल्या. प्रज्ञाचे वडीलही होते. बाईंनी दुर्बीण हाताने सूर्याकडे वळवली आणि भिंगाच्या मागे, जिथे मुलीचा डोळा होता तिथे, जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा चिमट्यात धरला.

कोणी काही बोलायच्या आत त्यातून धूर निघाला. मग एक भोक पडलं, त्याच्या कडा लाल होत गेल्या.

प्रज्ञाचे वडील खाली बसले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मन्ही पोर," एवढंच म्हणाले.

समितीचे अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, "म्हणजे बाई, हे इतकं धोक्याचं यंत्र तुम्ही स्वतः बांधलंत आणि आपोआप सुरू होण्याची सोयही तुम्हीच केलीत."

"हो," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी आग्रह केला होता, पाहुण्यांसाठी केलं होतं, नको म्हटलं होतं, यातलं काहीही त्या बोलल्या नाहीत. मी बोलू लागलो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प झालो. त्यांनी फक्त एक परवानगी मागितली. नळी सूर्याकडे जाऊच शकणार नाही असा एक लाकडी अडसर बसवू द्या, आणि ती आपोआप सुरू होण्याची सोय काढून टाकू द्या. अध्यक्ष म्हणाले, आता हात लावायचा नाही. दुर्बिणीला कुलूप लागलं. प्रज्ञाच्या वडिलांनी तक्रार मागे घेतली. बाई लांब रजेवर गेल्या.

रजेवर असतानाच त्यांना अक्काकडून कळलं, की दुर्बीण शाळेतून गेली. जळगावात मेहरूणला एका खासगी विज्ञान वर्गाला संस्थेने ती देऊन टाकली होती. संगणक, मोटारी, डबा, सगळ्यासकट.

दुसऱ्याच दिवशी बाई आणि मी जळगावच्या गाडीत बसलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "तो संगणक अजून तसाच आहे, सर. वीज गेली आणि आली, की तो पुन्हा निघेल."

वर्गाचे चालक तरुण, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला चहा दिला. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, अधूनमधून मोबाइल बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. आमच्याकडे इंजिनिअर आहेत."

"त्यांना दाखवता का?"

"ते पुण्याला असतात."

बाईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "एकदा वर जाऊन बघू का? मुलीसारखी वाढवलीय." मी त्यांना इतकं गोड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चालकांनी खुशाल म्हटलं. त्या एकट्याच वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. नमस्कार केला, निघालो.

गाडी गिरणेचा पूल ओलांडून गेल्यावर त्यांनी पर्स उघडली. आत निळा डबा होता. तारा कापलेल्या.

"बाई," मी म्हटलं, "ही चोरी आहे."

"चोरीच शे," त्या म्हणाल्या. आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा थोड्याशा हसल्या. "जेवणाचा डबा घेऊन निघालेल्या बाईला कोण अडवतं?"

मग हसू गेलं. डब्यावर तळहात ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "पण असलं सर्किट कोणीही करतं, सर. ज्याला येतं त्याला दोन दिवस पुरतात."

शाळेत त्या परत आल्या नाहीत. पिंपळनेरकडे भावापाशी राहायला गेल्या आणि तिथेच, वर्ष उलटायच्या आत, साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. आम्हाला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापिका बोलल्या, की बाई फार शिस्तप्रिय होत्या. प्रज्ञा तेव्हा नववीत होती. ती पहिल्या रांगेत ताठ बसून होती.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी मी जळगावला गेलो होतो. जेवणं झाल्यावर पाय मोकळे करायला मेहरूणच्या तलावाकडे निघालो. दुपार कलली होती. त्या वर्गाच्या इमारतीसमोर आलो आणि सहज वर पाहिलं. कठड्यावर ती नळी दिसली. तिच्यामागे मुलांची रांग. वर्गाच्या फलकावरचे दिवे बंद होते, शेजारच्या दुकानदाराने जनरेटर लावला होता. त्या भागातली वीज गेलेली होती.

मला सर्किटातलं काही कळत नाही. मी चित्रं शिकवणारा माणूस. पण मी रस्ता ओलांडला आणि जिना चढलो. इतक्या जिन्यांची सवय राहिलेली नाही, वर पोचेपर्यंत दम लागला. एक तरुण शिक्षिका पुढे आली. "काका, कोण हवंय तुम्हाला?"

"ताई, या मुलांना आधी दुर्बिणीपासून बाजूला, सावलीत घ्या," मी म्हणालो. "धुळ्याला आमच्या एक बाई होत्या. त्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायचंय."

ती गोंधळली. मुलांकडे वळून बघू लागली. तिने हो म्हणायची वाट न बघता मी सांगायला सुरुवात केली.